ठोंबऱ्यांच्या ट्रेलरचं सीलंट

सिलिकॉनच्या पट्टीचं टोक मी चिमटीत धरलं आणि ओढलं. पाच-सहा फूट पट्टी अखंड निघून आली. तुटली नाही, ताणलीसुद्धा गेली नाही.

मी शिडीच्या चौथ्या पायरीवर होते. खाली रंगनाथ ठोंबरे दोन्ही हातांनी शिडी धरून उभे होते.

"मॅडम, उकडलेल्या बटाट्याची साल बी एवढी सहज निघत नाय," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. रागावलेला ग्राहक मला सवयीचा होता. हा माणूस नुसता खाली बघत होता, आपलंच काहीतरी चुकलंय अशा चेहऱ्यानं.

मी तेव्हा चिकलठाण्यात सीलंट बनवणाऱ्या एका कंपनीत टेक्निकल सर्व्हिसला होते. माल विकणं माझं काम नव्हतं. विकलेला माल चिकटला नाही, गळला, पिवळा पडला, की माझी गाडी निघायची. सीलंट म्हणजे सांधा बुजवायचं लुकण. नळकांड्यात येतं, गनमध्ये बसवून दाबलं की टूथपेस्टसारखं बाहेर पडतं आणि हवेत घट्ट होऊन रबरासारखं होतं. बेसिनच्या कडेला जी पांढरी रेघ असते, ती सीलंटची. त्यात सिलिकॉन हा एक प्रकार. बाकीचे पुष्कळ आहेत. पण हार्डवेअरच्या दुकानात सगळ्यांना सिलिकॉनच म्हणतात, आणि माझ्या नोकरीतली निम्मी भांडणं त्या एका नावातून निघाली.

क्रांती चौकातल्या डीलरकडून तक्रार आली होती. लासूर स्टेशन, पत्र्याचं घर, छप्पर गळतं. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेला होता. अशा तक्रारी त्या आठवड्यात सातआठ होत्या, त्यामुळं मी काही विशेष विचार न करता गेले. अंगणात लिंबाखाली पाहिलं तर पत्र्याच्या घराला दोन चाकं होती.

बारा फूट लांब, साडेसहा फूट रुंद. खाली लोखंडी चासी, त्यावर ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपांचा सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, वर फायबरचं छप्पर. पुढं जीपला जोडायचा हूक. ठोंबरे तीस वर्षं बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर दीड वर्ष खपून त्यांनी हे एकट्यानं बांधलं होतं. आरटीओच्या पासिंगमध्ये आणखी चार महिने गेले. मी वेल्डिंगमधली नाही, पण चांगलं काम कुठल्याही ट्रेडचं असलं तरी ओळखू येतं. वेल्डिंगची एक रेघ वाकडी नव्हती.

आत गेले. एका बाजूला पलंग, त्याच्या वर छताच्या प्लायवूडवर ताटाएवढा डाग. प्लाय फुगला होता. कोपऱ्यात काळी बुरशी धरली होती. समोर छोटं बेसिन, त्याला कोपरानं उघडायचा दवाखान्यातला नळ. आणि छतात स्टीलचा एक मजबूत हूक.

"हा मच्छरदाणीचा का?" मी विचारलं.

"नाय. ते बाईंचं आहे."

तेवढ्यात बाई स्वतःच चहा घेऊन आल्या. शकुंतलाबाई, ठोंबऱ्यांच्या पत्नी. गावातल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, म्हणून नवराही बाईच म्हणायचा. किरकोळ अंगाच्या, चेहरा थोडा सुजलेला. कप माझ्या हातात देऊन त्या पायरीवर टेकल्या.

"हूक माझ्या पिशवीचा आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या दोन्ही किडन्या गेल्यात. पोटात नळी बसवलीय. औषधाच्या पाण्याची दोन लिटरची पिशवी वर टांगायची, ते पाणी पोटात सोडायचं, पाच-सहा तासांनी काढून टाकायचं आणि नवीन भरायचं. दिवसातून चार वेळा. घरीच करते मी."

"त्रास होतो?"

"त्याची सवय झाली. जागेचा त्रास आहे. पिशवी बदलताना खोली बंद लागते. पंखा बंद, धूळ नको, ओल नको. नळीतून जंतू आत गेले की पोटात इन्फेक्शन. एकदा झालंय. सतरा दिवस दवाखान्यात होते."

मी वर बुरशीकडं पाहिलं. त्यांनीही पाहिलं.

"माझी धाकटी बहीण अंबाजोगाईजवळ असते," त्या पुढं म्हणाल्या. "ती अंथरुणाला खिळलीय, तिला इकडं आणता येत नाही. तिचं घर म्हणजे एक खोली, भिंतीला लागून गोठा. तिथं मला पिशवी बदलता येत नाही. चार वर्षं झाली, आम्ही एकमेकींना पाहिलं नाही. फोनवर ती आता नीट बोलत पण नाही."

"म्हणून म्हटलं, खोलीच घेऊन जावं," ठोंबरे म्हणाले. बायकोकडं न बघता, कपाळावरचा घाम पुसत.

मी चहा संपवला. हुकाचं मी उगाच विचारलं असं वाटलं. न विचारता निघून गेले असते तर त्याहून वाईट झालं असतं, हे मला परतीच्या रस्त्यावर कळलं.

त्याआधी मी त्यांना नेहमीचा प्रश्न विचारला होता. "हे सिलिकॉन लावायला कुणी सांगितलं?"

"तुमीच की मॅडम. मी फोन केलता. तुमच्या सांगण्याबरहुकूम आणलं. नळकांडं बी ठेवलंय, बघा."

नळकांडं बरोबर होतं. आमचंच होतं.

ऑफिसात येऊन मी फोनचं रजिस्टर काढलं. दोन महिन्यांपूर्वीची नोंद, माझ्याच अक्षरात. 'लासूर. पत्र्याचं घर. छपराचे सांधे. न्यूट्रल सिलिकॉन सांगितलं.' एवढंच. मला तो फोन अंधुक आठवला. कुणीतरी दबकत बोलत होतं. "एक लहानसं घर बांधलंय, पत्र्याचं." मी शेड समजले. शेडच्या पत्र्याला ते सिलिकॉन चालतं, म्हणून सांगून मोकळी झाले. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

चाकांबद्दल ते का बोलले नाहीत, हे मी त्यांना नंतर विचारलं. ते ओशाळून हसले. "गाव हसत होतं मॅडम. म्हणायचे, ठोंबऱ्यानं म्हातारपणी टुरिंग टॉकीज काढली. म्हटलं, तुमी बी हसताल."

इथं थोडं समजावून सांगते. घराचा सांधा जवळजवळ स्थिर असतो. गाडीचा सांधा सतत काम करत असतो. खड्ड्यात चाक गेलं की सांगाडा पिळला जातो. उन्हात फायबर एका मापानं वाढतं, ॲल्युमिनियम दुसऱ्या. दोघांमधल्या सीलंटला सकाळ-संध्याकाळ ताणलं आणि दाबलं जातं. तिथं दोन्ही बाजूंना घट्ट धरून ताणलं जाणारं सीलंट लागतं. आमच्या सिलिकॉनला ताण सोसत होता, पण त्या फायबरवरची पकडच नव्हती. फायबरचा पत्रा साच्यातून सुटावा म्हणून त्याला मेण लावलेलं असतं. ते मेण अंगावर राहतं. ठोंबऱ्यांनी पत्रा ओल्या फडक्यानं पुसला होता. मेण पाण्यानं जात नाही. त्याला सॉल्व्हेंट, म्हणजे थिनरसारखं द्रावण लागतं.

माझे बॉस पाठक साहेब. वीस वर्षं सेल्समध्ये काढून मॅनेजर झालेले. त्यांना फोटो दाखवले.

"सरफेस सॉल्व्हेंटनं पुसला होता का त्यानं?"

"नाही. पाण्यानं."

"मग झालं. ॲप्लिकेशन फॉल्ट. लिही आणि कंप्लेंट क्लोज कर."

"सर, सॉल्व्हेंटचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. आणि सिलिकॉन हा तिथं प्रॉडक्टच बरोबर नाही. सल्ला माझा होता."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्यानं तुला सांगितलं होतं का, की घराला चाकं आहेत?"

"नाही. मी विचारलं पण नाही."

"घराला चाकं आहेत का, असं कोण विचारतं, नांदापूरकर?"

हे हसण्यासारखं होतं आणि खरंही होतं. मी त्यांना बाईंच्या पिशवीचं सांगितलं. छताच्या बुरशीचं सांगितलं. ते ऐकत राहिले. माणूस वाईट नव्हता. त्यांची अडचण वेगळी होती. कंपनीच्या लेटरहेडवर 'सल्ला चुकीचा होता' असं गेलं, की तो कागद उद्या प्रत्येक डीलर नाचवणार.

"'चुकीचा' काढ. 'अपुरा' लिही," ते शेवटी म्हणाले.

मी मान्य केलं. आजही मला वाटतं की 'चुकीचा' हाच शब्द बरोबर होता. पण 'अपुरा' लिहिल्यामुळं कंप्लेंट उघडी राहिली आणि मला परत लासूरला जाता आलं. तेवढं मला हवं होतं.

दुसरी अडचण मोठी होती. त्या छपराला काय लावायचं?

मला तीन गोष्टी सुचत होत्या. पहिली, आमचंच पीयू सीलंट, म्हणजे पॉलियुरेथेन. बसच्या बॉडीला हेच वापरतात. पकड जबरदस्त, पण काही पत्र्यांवर आधी प्रायमर लावावा लागतो, आणि आपल्याकडच्या उन्हात वरून भुकटी धरतं. दुसरी, हायब्रिड सीलंट, त्याला धंद्यात एमएस म्हणतात. सिलिकॉनसारखं ऊन सोसतं आणि पीयूसारखं धरतं, वरून रंगही देता येतो. फक्त ते आमची कंपनी बनवत नव्हती. तिसरी, ब्यूटाइल टेप. चिकट, च्युइंगमसारखी पट्टी, जी वर्षानुवर्षं मऊच राहते. खिडकीची चौकट स्क्रूनं आवळताना खाली ही घालतात. तीही आम्ही बनवत नव्हतो.

यावेळी फोनवर काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. ठोंबऱ्यांकडून फायबरचे आणि ॲल्युमिनियमचे तुकडे मागवले. काही कोरे, काही छपराच्या बाहेर आलेल्या कडेचे कापलेले, सिलिकॉन ओढून काढलेले. ऑफिसच्या गच्चीवर त्यांच्यावर तिन्ही सीलंटच्या रेघा मारल्या. आठवडाभर घट्ट होऊ दिल्या. मग दिवसा ऊन, मग पाण्याचा टब, पुन्हा ऊन, असं दहा दिवस केलं. शेवटी ब्लेडनं रेघेचं टोक सोडवून हातानं ओढून बघायचं. सीलंट मधूनच फाटलं तर पकड चांगली. साल निघाल्यासारखं अख्खं निघालं तर नापास.

साफ केलेल्या कोऱ्या तुकड्यांवर एमएस दोन्ही पत्र्यांना धरून राहिलं. पीयू प्रायमरशिवाय ॲल्युमिनियमवरून निघालं, प्रायमर लावल्यावर राहिलं. पण जिथं आधी सिलिकॉन होतं, तिथं सगळेच नापास झाले. सिलिकॉन ओढून काढलं तरी त्याचा डोळ्यांना न दिसणारा थर मागं राहतो, आणि त्यावर काहीही चिकटत नाही. नवीन सिलिकॉनसुद्धा नीट चिकटत नाही. तो थर घासूनच काढावा लागतो.

म्हणजे माझ्या दोन मिनिटांच्या सल्ल्यामुळं त्या माणसाला आता अख्खं छप्पर खरवडावं लागणार होतं.

पाठक साहेबांना रिझल्ट दाखवला. ते तुकडे त्यांनी स्वतः ओढून पाहिले. "आपलं पीयू प्रायमरनं चालतंय ना? तेच सांग."

"चालतं, सर. पण घरच्या घरी, अंगणात, हातानं प्रायमर लावायचा. एक जागा सुटली की तिथं गळणार. शिवाय वर्षा-दोन वर्षांनी ऊन खाल्ल्यावर परत बघावं लागेल. बाईंना ओल चालत नाही."

"आपण जे बनवत नाही ते लेटरहेडवर लिहायचं नाही," ते म्हणाले. मग तुकडे माझ्याकडं सरकवत, "तोंडी काय सांगतेस ते मला ऐकू येत नाही."

मी साध्या कागदावर, माझ्या हातानं लिहून दिलं. सांध्यांना एमएस. चौकटींखाली ब्यूटाइल. सिलिकॉन कुठंही नाही. खाली माझी सही केली.

पुढचा आठवडाभर ठोंबरे छपरावर होते. प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडायचं, सॉल्व्हेंटनं पुसायचं, पॉलिश पेपरनं घासायचं, परत पुसायचं. खाली लिंबाच्या सावलीत बाई खुर्ची टाकून त्यांना मोठ्यानं पेपर वाचून दाखवायच्या. पिशवी बदलायची वेळ झाली की उठून आत जायच्या. पत्रा साफ झाला की नाही हे ओळखायची युक्ती मी त्यांना दाखवली. पाण्याचा थेंब टाकायचा. तो मोत्यासारखा गोल उभा राहिला, तर खाली मेण किंवा सिलिकॉन आहे. पसरला तर जागा साफ. मी गेले तेव्हा ठोंबरे चमच्यानं थेंब टाकत इंच इंच पुढं सरकत होते.

"पसरला," ते वरून म्हणायचे.

"पुढं चला," बाई खालून म्हणायच्या, फळ्यासमोर उभ्या असल्यासारख्या.

दवाखान्यातल्या नर्सला त्यांनी आतले फोटो दाखवले होते. तिनं स्पष्ट सांगितलं, बुरशीचा प्लाय रंगवून चालणार नाही, काढून टाका. आणि भिंती पुसता येतील अशा करा. प्लायचं ते छत ठोंबऱ्यांनी मोठ्या हौसेनं पॉलिश केलं होतं. एका सकाळी त्यांनी ते उचकटून काढलं आणि प्लास्टिकचं पॅनेल बसवायला आणलं.

चौकटी बसवताना मात्र आमचा वाद झाला. खिडकीच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंना ब्यूटाइलवर आणखी सीलंटची रेघ ओढायची, पण खालची बाजू मोकळी सोडायची, असं मी म्हटलं.

"खालची बाजू उघडी? मग पाणी शिरंल की मॅडम."

"वरून कधीतरी थेंब आत जाणारच, काका. त्याला बाहेर पडायला वाट पाहिजे. चारही बाजू बंद केल्या तर ते आतच कोंडतं आणि कुजवतं."

त्यांनी खिडकीच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. "बसच्या खिडकीला खाली भोकं ठेवायचो आमी. आता ध्यानात आलं कशाला."

सांधे भरून झाले. आठवडा गेला. पॅनेल लावायच्या आधी, सांगाडा उघडा असतानाच, मी टेस्ट घ्यायचं ठरवलं. पाणी ओतून गळती सापडत नाही. पाणी एकीकडून शिरतं आणि भलतीकडं टपकतं. त्यापेक्षा आतून हवा भरायची आणि बाहेरून साबणाचं पाणी मारायचं. जिथून हवा निघते तिथं फेस फुगतो. त्याला साधनं काय लागतात? त्यांच्या घरातला कूलर आम्ही एका खिडकीत बसवला, भोवतीच्या फटी पोती आणि चिकटपट्टीनं बंद केल्या, दार लावून घेतलं. कूलरचा पंखा आत हवा ढकलायला लागला. ठोंबऱ्यांनी फवारणीचा पंप पाठीला लावला, त्यात कपडे धुवायच्या पावडरचं पाणी.

छपरावर काही झालं नाही. सांधे गप्प होते. खिडक्यांच्या वरच्या कडाही गप्प. खालच्या कडेला थोडे बुडबुडे आले, ते यायचेच होते. मला बरं वाटायला लागलं. ठोंबरे पंप मारत पुढच्या बाजूला गेले आणि ओरडले, "मॅडम! इकडं या!"

पुढच्या कपाळावर छोटा दिवा होता. त्याची वायर आत जाते तिथं उतू जाणाऱ्या दुधासारखा फेस वर येत होता.

ठोंबरे बघतच राहिले. "हे भोक तर मीच पाडलं. वायरीपुरतं. त्याला काय लावायचं ध्यानातच नाय आलं."

आम्ही आत जाऊन पाहिलं. ते भोक सांगाड्याच्या चौकोनी पाइपात उघडत होतं. पाइप तिथून थेट पलंगाच्या वरपर्यंत गेला होता आणि तिथल्या स्क्रूच्या भोकातून पाण्याचा पांढरा ओघळ खाली आलेला दिसत होता. भोकापासून डागापर्यंत अंतर नऊ फूट. छपराचा सांधा गळत होता हे खरं. पण बाईंच्या अंथरुणावर जे टपकलं, त्यातलं बरंचसं या भोकातून आलं होतं.

मी पायरीवर बसले. सीलंट बदलून, टेस्ट न करता मी निघून गेले असते, तर पहिल्याच पावसात छत परत फुगलं असतं. जगातलं सगळ्यात चांगलं सीलंट चुकीच्या सांध्यात भरून काय उपयोग?

"आता या भोकाचा इलाज सांगा," ठोंबरे म्हणाले.

"वायरीला रबरी बूच घाला. त्याच्याभोवती एमएस. आणि पाइपाच्या खालच्या टोकाला एक बारीक भोक पाडा, चुकून पाणी गेलंच तर निघून जायला."

"परत भोक?" ते म्हणाले, आणि पहिल्यांदा मोकळे हसले.

शेवटची परीक्षा रस्त्यावर झाली. पण आत ओल आली की नाही हे कळायचं कसं? थोडा दमटपणा डोळ्यांना दिसत नाही. मी महागडं मीटर आणायचं बोलत होते. बाई उठल्या, कपाटातून खडूचा डबा घेऊन आल्या. निळा खडू. सांगाड्याच्या आतल्या प्रत्येक सांध्यावर, प्रत्येक चौकटीभोवती त्यांनी खडूची जाड रेघ ओढली. "पाणी लागलं की खडू गडद होतो आणि ओघळतो," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं ओला फळा पुसलाय मी."

ठोंबऱ्यांनी ट्रेलर जीपला जोडला, मुद्दाम खराब रस्त्यानं दौलताबादपर्यंत नेला आणि आणला. येताना गाड्या धुवायच्या सेंटरवर थांबून अर्धा तास चारही बाजूंनी पाणी मारून घेतलं. मी आणि बाई अंगणात वाट बघत होतो. ट्रेलर आला. दार उघडून बाई आधी आत गेल्या. त्यांनी एकेक रेघ नीट तपासली, वह्या तपासाव्यात तशी. मग बोट फिरवून पाहिलं. बोटाला कोरडी निळी पूड लागली.

"पास," त्या म्हणाल्या.

ठोंबरे जीपच्या बोनेटला टेकून उभे होते. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. म्हणाले, "मी पॅनेल लावायला घेतो."

मार्गशीर्षात ते निघाले. सोबत औषधाच्या पिशव्यांची खोकी. वाटेत एका पेट्रोल पंपाच्या मागं सावलीत ट्रेलर उभा करून बाईंनी दुपारची पिशवी बदलली. दवाखाना सोडला तर चार वर्षांत घराबाहेर बदललेली ती पहिलीच.

आठवड्यानं बाईंचा फोन आला. मी विचारलं, बहीण काय म्हणाली?

"पहिल्या दिवशी बोललीच नाही माझ्याशी. रुसली होती. मग म्हणाली, चार वर्षं कुठं होतीस? मी तिला सगळं सांगितलं. तिला ट्रेलर बघायचा होता. दोघातिघांनी उचलून आणलं. आता इथंच असते माझ्याजवळ. पलंग तिला दिलाय."

"आणि काका?"

फोन ठोंबऱ्यांनी घेतला. "मी बाहेर खाटेवर, मॅडम. दीड वर्ष खपून बांधलं, आन् मलाच आत जागा नाय."

अकरा दिवस राहून ते परत आले. पुढच्या वर्षी दोनदा गेले. त्यानंतर धाकटी वारली. बाई तेव्हा तिच्याजवळ होत्या. बाई स्वतः त्यानंतर तीन वर्षं होत्या. इन्फेक्शन त्यांना परत एकदा झालं, पण ते घरी असताना.

ट्रेलर ठोंबऱ्यांनी विकला नाही. दर पावसाळ्याआधी सांधे तपासायला मी जायचे, रिटायर झाल्यावरही गेले. चौथ्या वर्षी मागच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर दिसली. तिथं रेघ कापून काढून नवी भरली. बाकी सगळं एमएस पहिल्यासारखंच होतं. आमच्या कंपनीनं पुढं स्वतःचं एमएस काढलं. पाठक साहेबांनी त्याच्या ट्रायलसाठी माझेच गच्चीवरचे तुकडे मागवून घेतले. कुठून आले ते मात्र फाइलमध्ये लिहिलं नाही.

रजिस्टर मी बदललं. आधी त्यात तीन रकाने होते: गावाचं नाव, काम आणि सांगितलेलं प्रॉडक्ट. मी मधे आणखी तीन घातले. कशाकशाचा सांधा आहे, तो हलतो का, आणि आत कोण राहणार आहे. त्यातल्या शेवटच्या रकान्याला ऑफिसात बरेच हसले. पाठक साहेब म्हणाले, सीलंटला काय करायचंय कोण राहतं त्याच्याशी. सीलंटला खरंच काही करायचं नसतं. पण हा प्रश्न विचारला की माणूस फोनवर मोकळं बोलायला लागतो, आणि बाकीच्या दोन रकान्यांची खरी उत्तरं मिळतात.

माझ्यानंतर त्या टेबलावर बसलेल्या मुलीला मी एवढंच सांगून आले. ग्राहक नेहमी अर्धंच सांगतो. त्याच्यावर चिडायचं नाही. उरलेलं अर्धं विचारायचा पगार आपल्याला मिळतो.